हात वाळेपर्यंत

कामतघर, भिवंडी
९ नोव्हेंबर

दादा,

पत्राच्या सुरुवातीला पाया पडते असं लिहितात. तुझ्या पाया पडायचं तर तुझ्या दारात यावं लागेल, आणि ते दार तू मला चार वर्षांपूर्वी बंद केलंस. तेव्हा ते राहू दे. फोन केला की तू कापतोस, म्हणून कागद घेऊन बसलेय. कमळवहिनी तुला हे डायलिसिसच्या वेळी वाचून दाखवणार आहे. तिथे हाताला सुया लावून तुला चार तास पडून राहावं लागतं, उठून जाता येत नाही. आता ऐक गप.

पहिलं म्हणजे, मला टीबी झालेला नाही. पूर्णा गावात ही बातमी तूच पिकवलीस ना? "आमची तुळजा झिजत चाललीय, अनंता तिला खायला घालत न्हाय." अरे, माझा नवरा दिवसभर कापडाच्या लूमची दुरुस्ती करून येतो आणि मी शिफ्टवरून दमून आले तर मलाच चहा करून देतो. त्याचं नाव बद्दू करतोस? मी रोज तुझ्या आळीसमोरून गोडाऊनला ड्युटीवर जाते. हाक मारून विचारायचं होतंस, काय गं तुळजे, काय झालं तुला?

झालं हे, की तुला किडनी द्यायची म्हणून मी बारीक झालेय.

लिहून टाकलं एकदाचं. आता वहिनी थांबली असेल आणि तू तिच्याकडे डोळे वटारून बघत असशील. वहिनी, तुम्ही वाचा पुढे, घाबरू नका.

तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या हे मला वहिनीनेच नाक्यावर रडत सांगितलं. तिला साखर आहे, तिची चालत नाही. अथर्वची तू घेणार नाहीस, पोराचं अजून सगळं व्हायचंय. मग उरलं कोण? मी कोणाला न विचारता ठाण्याला जाऊन तपासून आले. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे बाई, फक्त वजन फार. शहाण्णव किलोच्या बाईची किडनी आम्ही काढत नाही, उद्या तुमच्याच जिवावर यायचं. अठ्ठ्याहत्तरच्या आत या आणि तिथे टिकून राहा, मग बघू.

शहाण्णव. तो आकडा ऐकला आणि मला तुझ्या ओवीच्या हळदीतला तुझा आवाज आठवला. डीजेचा माइक हातात घेऊन तू म्हणालास, "ए, आमच्या तुळजाला दोन खुर्च्या लावा रे, एकीत मावायची न्हाय!" सगळा मांडव हसला. ओवीचे सासरचे हसले. माझ्या पानात वडे होते, मटण होतं, मी अर्ध्यावर उठले आणि हात न धुता रिक्षात बसले. तू काय बोललास ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मी पानावरून उठले, हे मात्र राहिलं. लेकीच्या हळदीला आत्याने अपशकुन केला म्हणे!

आपले बाबा शेवटच्या माणसाचं जेवण होईस्तोवर पानावर हात वाळवत बसायचे. हे मलाही माहीत आहे, दादा. मी लहानपणी किती सावकाश जेवायची. तू हात वाळवत बसायचास आणि चिडून माझ्या पानातली बोंबलाची तुकडी पळवायचास. पंगत कशी मोडायची नसते ते मला शिकवू नकोस.

तर आता मी पंच्याहत्तरच्या खाली आहे. व्यायाम करते आणि इंजेक्शन घेते. हॉस्पिटलने हो म्हटलंय. तू हो म्हण.

तुळजा


२३ नोव्हेंबर

दादा,

"तिला सांग, मला न्हाय पायजे तिचा काय." वा! काय निरोप पाठवलास! आणि वर म्हणालास म्हणे, सुया टोचून बारीक झालेल्या बाईची किडनी ती, औषधाचीच असणार, टिकायची न्हाय. तू डॉक्टर कधी झालास रे? बारावीला केमिस्ट्रीत गचकला होतास.

हे इंजेक्शन काय असतं ते ऐक. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत घ्यायचं. मी रविवारी घेते. भुकेचं औषध आहे ते. पहिले दोन महिने माझी आतडी पिळवटून निघाली, ओकाऱ्या काढून काढून घसा सोलला. गोडाऊनच्या बायका विचारायच्या, तुळजा, या वयात गुड न्यूज काय? त्यांना मी म्हटलं, हो, जुळं आहे.

मग हळूहळू ते झालं. आपल्याकडे वीज गेली की सगळे लूम एकदम थांबतात आणि तेव्हा कळतं की इतका वेळ कानात केवढा आवाज होता, तसं. माझ्या डोक्यात जन्मापासून जेवणाचा आवाज चालू होता, दादा. सकाळी उठले की दुपारी काय, दुपारी ताटावर बसले की दुसरी भाकरी घेऊ का, कोण बघतंय का. मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं आणि बाकीचे मन मारतात, मी एकटीच हावरट. तूही तेच म्हणायचास, जिभेला आवर घाल. तो आवाज थांबला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून रडले. आनंदाने नाही. पन्नाशीला आले तोवर कोणी सांगितलं नाही की हा आवाज बंद होऊ शकतो, याचा राग आला मला.

आणि नुसती सुई घेऊन झोपत नाही मी. वजनाचं बघणाऱ्या रुचिरा डॉक्टर म्हणून आहेत, कडक बाई. त्या म्हणाल्या, चरबीबरोबर अंगातलं मांसही उतरतं, ताकदीचा व्यायाम केला नाही तर चिपाड व्हाल, आणि औषध सुटलं की वजन दुप्पट जोराने परत येईल. म्हणून सकाळी वऱ्हाळ्याच्या तलावाला फेऱ्या मारते. घरी येऊन दोन्ही हातांत तेलाचे भरलेले डबे धरून उठाबशा काढते. अनंता म्हणतो, शाळेत काढल्या नाहीस तेवढ्या आता काढतेयस. तलावावर बायका विचारतात, काय खातेस गं? मी सांगते, नवऱ्याचं डोकं.

तुझ्या 'नको'ला मी भीक घालत नाही. पुढच्या खेपेला जरा बरा निरोप पाठव.

तुळजा


१७ डिसेंबर

दादा,

"बरं." एवढंच बोललास, असं वहिनी म्हणाली. तुझ्या छातीत पाणी भरलं, रात्रभर बसून काढलीस, सकाळी भिंतीकडे तोंड करून 'बरं' म्हणालास. मला ते शंभर शब्दांपेक्षा जास्त झालं. पण त्या पाण्याचं मला कोणी कळवलं नाही, याबद्दल तुम्हा दोघांना नंतर बघते.

काल ठाण्याला किडनी द्यायची परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर आपण शेजारी बसलो. चार वर्षांनी. साहेबांनी मला विचारलं, बाई, तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का? मी म्हटलं, जबरदस्ती मीच करतेय साहेब, हा तर घ्यायलाच तयार नव्हता. सगळे हसले. तू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतास. मी तुझ्या पायांकडे बघितलं. चपलेचा पट्टा रुतला होता, इतके सुजलेत. मला वाटलं होतं तुला बघून राग येईल. आला नाही. त्याचाच राग आला.

ऑपरेशनला पाच जानेवारी ठरली. आजपासून माझं इंजेक्शन बंद. त्याने जेवण पोटात रेंगाळतं आणि भूल देताना ते धोक्याचं, म्हणून आधीच थांबवायचं. आता फक्त तलाव, तेलाचे डबे आणि मी. थोडेच दिवस आहेत, निघतील.

मला अजून वजनकाट्याची भीती वाटते. कोणाला सांगू नकोस.

तुळजा


१९ जानेवारी

दादा,

तुझा ताप उतरला का? वहिनी म्हणते उतरला, पण तिच्या तोंडावरून वाटत नाही. पाच तारीख गेली, बारा गेली, आता डॉक्टर म्हणतात पूर्ण बरा होऊ दे, तारीख कधीही लागेल, तयार राहा. इंजेक्शन परत सुरू करायचं नाही. पोटावर हात ठेवून तयार राहा!

ती परत आलीय. भूक. आधी दबकत आली, दुपारी जरा, संध्याकाळी जरा. आता बिनधास्त घरात शिरून बसलीय. गोडाऊनमध्ये बिस्किटांचे खोके लावताना मला खोक्याच्या आतला वास येतो. बंद खोक्याच्या! अनंता जेवताना मी बाहेर गॅलरीत उभी राहते. तो बिचारा आवाज न करता चावतो, मग मला त्याच्यावरच चिडायला होतं. रात्री झोप लागत नाही, पाय नुसते वळवळतात, उठून भांडी घासते, घासलेली परत घासते. सकाळी तलावाला फेऱ्या वाढवल्या, तर भूकही वाढली. करायचं काय माणसाने?

गेल्या आठवड्यात आपल्या भाऊबंदांतल्या भावेशच्या हळदीला गेले. तू आजारी म्हणून आला नाहीस, ओवी मात्र होती. लांबून बघत होती मला. मी पंगतीला बसलेच नाही. पदर खोचला आणि वाढायला घेतलं. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही, ही युक्ती मला वेळेवर सुचली. वडे वाढले, मटण वाढलं, भात वाढला. सगळे म्हणाले, तुळजा आत्या काय राबली हो! आणि मला तेवढ्यात रडू येत होतं, कारण परातीतल्या वड्यांवरून माझी नजर हटत नव्हती.

शेवटी ओवी आली आणि म्हणाली, "आत्या, तू जेवली न्हाय." मी म्हटलं, पोट भरलंय. ती म्हणाली, "माझ्या हळदीला पण तुझा अर्धाच झालता." आणि माझ्या हातात एक वडा ठेवला. मी तो खाल्ला. मग मंडपामागे उभी राहून आणखी सहा खाल्ले. उभ्याने, पाण्याशिवाय, चोरासारखे.

तुला सांगते कारण तू ऐकायला बांधलेला आहेस. आणि एक सांगते. ही भूक म्हणजे माझा स्वभाव नव्हे. औषध होतं तेव्हा मी काय मोठी साध्वी झाले नव्हते, आणि औषध गेल्यावर काय मी नीच झालेली नाही. बाई तीच. फक्त आवाज परत चालू झालाय. पण हे कळून भूक कमी होत नाही, दादा. काटा सत्याहत्तरवर आलाय. मी अठ्ठ्याहत्तरच्या पुढे गेले आणि तुझी तारीख माझ्यामुळे हुकली तर मी काय तोंड दाखवू?

लवकर बरा हो. माझ्यासाठी तरी हो.

तुळजा


१३ फेब्रुवारी

दादा,

वहिनीने तुला सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

सोमवारी शेवटच्या तपासण्या होत्या. शनिवारी घरी काटा बघितला, अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडं. माझं डोकंच फिरलं. मी ठरवलं, दोन दिवस निर्जळी धरायची. आम्हा बायकांना त्यात नवीन काय? हरतालिकेला धरतो, आई तर उठल्यासुटल्या धरायची. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, वर तलावाच्या फेऱ्या चालूच. अनंता ओरडला तर त्याला म्हटलं, देवीला बोललेय. खोटं बोलले. देवीला यात ओढायला नको होतं.

सोमवारी काट्यावर शहात्तर आले. मी तिथेच हात जोडले. मग दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी आत बोलावलं. माझ्या किडनीचा आकडा चढला होता. मोठ्या डॉक्टरांनी तिथूनच रुचिरा डॉक्टरांना फोन लावला तर त्या अशा कडाडल्या की बाहेर बसलेल्या अनंताला ऐकू गेलं. "अहो बाई, किडनी द्यायला निघालात आणि तिचंच पाणी तोडलंत? एखाद्या किलोने तुम्हाला कोणी परत पाठवलं नसतं. हे असलं केलंत तर पाठवतील!"

मला हे कोणी आधी का सांगितलं नाही? सांगितलं असेल. मी आकड्याशिवाय काही ऐकलं नसेल.

आता मी तांब्याने पाणी पितेय. जेवतेय. दोन भाकऱ्या, डाळ, भाजी, अंडं, सगळं डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. परत रक्त घेतलंय, निकाल उद्या. तो वाईट आला तर आपलं मुसळ केरात, दीड वर्षाचं. रागव हवं तर. माइक घे आणि सगळ्या गावाला सांग, पण काहीतरी बोल माझ्याशी.

तुळजा


हॉस्पिटल, ठाणे
२३ फेब्रुवारी, सकाळ

दादा,

तू खालच्या मजल्यावर, मी वर. वहिनी मधल्या जिन्यावरून पळतेय, तिच्या हातात हे देते. आधी मला नेणार, मग तुला. भूल दिली की माणसं मागचं विसरतात असं इथली सिस्टर म्हणाली. माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू सोयीचं तेवढं विसरतोस. म्हणून रविवारचं लिहून ठेवते.

रिपोर्ट चांगला आला त्या संध्याकाळी माझा फोन वाजला. तुझं नाव. मी उचलला. तू म्हणालास, "येडी हायस का गं तू? मला दिवसाला मोजून पाणी देतात. नळाचा आवाज आला तरी जीव तळमळतो माझा. आन् तू घरात पाणी असून प्यायली न्हाय? माझ्यासाठी?" आणि फोनवर रडलास. बाबा गेले तेव्हाही तू माझ्यासमोर रडला नव्हतास. मी म्हटलं, आता पितेय रे. तू म्हणालास, "अशी न्हाय. रविवारी ये. माझ्यासमोर पी. ओवीच्या हळदीचं तुझं पान राहिलंय माझ्या घरात."

मी आले. दारात वहिनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी म्हटलं, अहो, तो तुकडा मला द्या, भूक लागलीय. ती हसली आणि डोळे पुसले.

आत जमिनीवर दोनच पानं होती. केळीची, समोरासमोर. तुझ्या पानात उकडून पाणी काढलेली भाजी, बिनमिठाची, मूठभर भात, आणि शेजारी तुझा तो मापाचा छोटा पेला. माझ्या पानात डॉक्टरांचं सांगितलेलं, मोजून, आणि कडेला एक वडा. एकच. तुझी नजर त्या वड्यावर आणि माझी तुझ्या बिनमिठाच्या भाजीवर. असली पंगत पूर्णा गावात कोणी बघितली नसेल. माझ्यासमोर तू भरून तांब्या ठेवलास आणि मी तो सबंध पीत असताना माझ्या गळ्याकडे बघत राहिलास.

तू म्हणालास, "त्या दिवशी मी चुकलो. माइकवर बोललो, तू उठलीस, आन् मी उलटा तुझ्यावरच रागावलो. तू जाड होतीस म्हणून मी हसलो न्हाय. लोक हसतील म्हणून आधी मीच हसलो." मी वडा खाल्ला. चार वर्षांत इतकं चविष्ट काही तोंडात गेलं नव्हतं.

आपलं जेवण पाच मिनिटांत आटपलं. जेवायला होतंच काय! पण मी उठेना, कारण तू मोठा, आधी तू उठायचं. आणि तू उठेनास. मी म्हटलं, ऊठ ना दादा, तुझे पाय सुजतील. तू म्हणालास, "तू ऊठ." मी म्हटलं, मी एकदा उठलेय, आता उठायची नाही. मग दोघं बसलो. वहिनी दोनदा येऊन बघून गेली. माझ्या बोटांना डाळ वाळून चिकटली, तुझ्या बोटांना भात. बोंबलाच्या तुकडीची गोष्ट निघाली, तू सरळ नाही म्हणालास, म्हणे मांजराने नेली. चाळीस वर्षांनी मांजरावर ढकलतोस! हात पार खडखडीत वाळले तरी कोणी उठलं नाही. शेवटी वहिनीनेच पाण्याचं घंगाळ आणून आपल्या पुढ्यात ठेवली आणि बसल्या जागी दोघांचे हात धुतले.

हे विसरायचं नाही.

रुचिरा डॉक्टर मघाशी येऊन गेल्या. जखम भरली की हळूहळू चालायला लागायचं, इंजेक्शन परत घ्यायचं का ते तेव्हा बघू, आता एका किडनीवर जगायचंय तर वजन आयुष्यभर सांभाळावंच लागेल, म्हणाल्या. म्हणजे ही माझी भूक काही कुठे जात नाही. चालायचंच. तूही चालायचंस आता माझ्याबरोबर, वऱ्हाळ्याच्या तलावावर. तेलाचा एक डबा तुला देईन.

काल संध्याकाळपासून पोटात काही नाही. या खेपेला डॉक्टरांच्याच हुकमाने. भूक लागलीय, दादा. सणकून लागलीय. आणि आज पहिल्यांदा मला तिची लाज वाटत नाही, कारण खालच्या मजल्यावर तूही उपाशीच आहेस.

स्ट्रेचर आलं. एकच सांगते. शुद्धीवर कोण आधी येईल, कोणाला आधी खायला देतील, ते काही आपल्या हातात नाही. पण ज्याला आधी मिळेल त्याने खाऊन घ्यायचं, आणि दुसऱ्याचं होईस्तोवर हात वाळवत बसायचं.

उठायचं नाही.

तुळजा